फ्रान्समधल्या तळ्यावर कार्पची गळमासेमारी आणि दोन दिवस तळ्याचं काम: तयारी कशी करावी?

रीडिंगकर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच मित्र इंग्लंडहून व्हॅनने फ्रान्सला निघतोय. ठिकाण मध्य फ्रान्समधलं ब्रेन्न, आंद्र जिल्हा. जुनं, बांध घालून केलेलं तळं आहे, सुमारे ३ हेक्टर. बांधापाशी ३ मीटर खोल, बाकी सगळीकडे मीटर-दीड मीटर. मासा मुख्यतः कॉमन आणि मिरर कार्प, थोडे गवत्या (ग्रास कार्प). एकूण आठ दिवस: दोन दिवस कामाचे, चार दिवस गळाचे, उरलेले प्रवासाचे.

मालकाने दिलेली कामं अशी: गळ टाकायच्या चार जागांचा काठ धुपलाय, तो बांधून काढायचा. वादळात पाण्यात पडलेल्या फांद्या काढायच्या. एका कोपऱ्यात पिवळ्या फुलांची ज्युसी नावाची पाणवनस्पती पसरलीय, ती साफ करायची. आणि बांधातल्या मोरीच्या मनोऱ्यातली एक फळी गळतेय, ती बघायची.

दोघांकडे ब्रिटिश पासपोर्ट, तिघांकडे भारतीय. विचारायचं ते हे: कागदपत्रं काय लागतील, हत्यारं कुठली न्यायची, चारा किती आणि कुठून घ्यायचा, रिग, म्हणजे गळ-दोर-शिशाची जोडणी, कशी बांधायची आणि कामाचा क्रम काय ठेवायचा? पुण्याकडच्या धरणांवर कटला-रोहूसाठी गळ टाकायची सगळ्यांना सवय आहे, युरोपातल्या थंड पाण्यातल्या कार्पची नाही.

---

काठावरचा_कारकून

आधी कागदांचं, कारण तिथेच सहल अडते.

भारतीय पासपोर्टवाल्या तिघांना शेंगेन व्हिसा लागेल. ब्रिटनमध्ये राहायचा परवाना असला तरी तो फ्रान्समध्ये चालत नाही. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण निकालाला १५ दिवस धरतात आणि ते ४५ पर्यंत लांबू शकतात, म्हणून शेवटची तारीख विसरा आणि उन्हाळ्यातच अर्ज टाका. फी ९० युरो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना व्हिसा नको, पण १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे. शिवाय बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालीय. डोव्हर किंवा फोकस्टनलाच फ्रेंच तपासणी होते, तेव्हा तिथे तासभर जास्तीचा धरून निघा.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेक गट लक्ष देत नाहीत ती. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. फ्रान्समध्ये विनामोबदला श्रमदान संस्थेसाठी चालतं, नफ्यासाठी चाललेल्या धंद्यासाठी नाही. तळं भाड्याने देणारा मालक «दोन दिवस काम करा, आठवडा स्वस्तात देतो» म्हणत असेल तर ती लपवलेली मजुरी ठरू शकते आणि ती मालकालाही महागात पडते. तळं एखाद्या नोंदणीकृत मच्छीमार संस्थेचं असेल तर मार्ग सोपा आहे: संस्थेच्या श्रमदानाच्या दिवसाला जायचं, नावं आधी कळवायची, संस्थेच्या विम्यात नावं आहेत असं लेखी घ्यायचं. तुमचं तळं कुठल्या प्रकारात बसतं ते आधी विचारा. खाजगी धंदा असेल तर मासेमारीचे पूर्ण पैसे भरा आणि कामाचा विषय सोडून द्या.

मासेमारीचं कार्ड, म्हणजे कार्त द पेश, चहूबाजूंनी बंद खाजगी तळ्यावर लागत नाही. नदी-ओढ्याशी जोडलेल्या पाण्यावर लागतं. ब्रेन्नमधली तळी एकाखाली एक अशी साखळीने जोडलेली असतात, म्हणून डोळ्यांनी बघून ठरवू नका, मालकाकडून लेखी घ्या. सार्वजनिक पाण्यावर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने गळ उचलावा लागतो. रात्रीची कार्प-मासेमारी फक्त प्रशासनाने जाहीर केलेल्या पट्ट्यांत चालते. आणि ६० सेंटिमीटरपेक्षा मोठा जिवंत कार्प हौशी मच्छीमाराने वाहून नेणं हा गुन्हा आहे, दंड २२,५०० युरोपर्यंत. या तळ्यातून त्या तळ्यात मासा हलवायला कुणी मदत मागितली तर स्पष्ट नाही म्हणा.

गाडीत काय नाही न्यायचं: ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. यात सँडविचमधलं हॅम येतं, तूप येतं, पनीर येतं. आमिष म्हणून नेलेला डबाबंद मांसाचा गोळाही येतो. तयार बॉइलीत, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांत, दुधाची भुकटी, अंडी, माशाचं पीठ असतं, त्यामुळे त्यावरही सीमेवर प्रश्न निघतात. चारा तिकडेच घ्या किंवा तिकडेच करा. करवतीची आणि गवत कापायच्या यंत्राची टाकी रिकामी करून न्या, पेट्रोलचे भरलेले कॅन नकोतच. गाडीत चमकदार जॅकेट आणि धोक्याचा त्रिकोण फ्रान्समध्ये सक्तीचा आहे; जॅकेट प्रत्येकाला एक घ्या.

ते जॅकेट तळ्यावरही घालायचं. त्या काळात शिकारीचा हंगाम चालू असतो आणि ब्रेन्नमध्ये बदकांवर पहाटे बंदुका चालतात. आजूबाजूला कुठल्या दिवशी शिकार आहे ते मालकाला ठाऊक असतं. १ नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी, दुकानं बंद. खुंट, दोर, अंडी, ब्रेड सगळं ३१ च्या आत.

---

बांध_आणि_सांडवा

कागदांचं वर नीट आलंय. मी तळ्याच्या कामाबद्दल लिहितो.

मोरीपासून सुरुवात करतो, कारण चार कामांत तळ्याला सर्वांत धोक्याचं तेच आहे. तो मनोरा म्हणजे फ्रेंच म्वान. बांधाच्या आतल्या बाजूला विटांचा किंवा काँक्रीटचा उभा चौकोनी खांब, समोरून उघडा, आत उभ्या खाचा. पहिल्या खाचेत जाळी, मागच्या दोन खाचांत फळ्यांच्या दोन रांगा, आणि त्या दोन रांगांमध्ये चिकणमाती किंवा लाकडाचा भुसा ठासलेला. तळ्याची पातळी या फळ्या ठरवतात. पाण्याचा दाब असताना एकही फळी उपसू नका. वरची एक फळी सैल झाली की खालची तरंगून उठते, आणि रात्रीत तळं अर्धं होतं. खालच्या तळ्याच्या मालकाकडे तुमचा गाळ जातो तो वेगळाच. तळं रिकामं करणं हे पाण्याच्या कायद्याखाली येतं, पाहुण्यांच्या हातचं ते काम नव्हे.

गळती कुठून आहे ते मात्र तुम्ही बघू शकता. पाणी फळ्यांच्या फटीतून येत असेल तर इलाज सोपा आहे. दोन रांगांमधली माती खचलेली असते, ती वरून भरायची आणि बोथट दांड्याने ठासायची. मग समोरच्या बाजूला, फळीला लागून, बारीक कोरडा भुसा मूठ-मूठ सोडायचा. गळतीची ओढ भुसा फटीत खेचते, तो तिथे फुगतो आणि फट बुजते. अर्धी बादली पुरते. एकदम ओतला तर नुसता तरंगत राहतो. आधी पातळी बघायच्या काठीवर खूण करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बघा.

पाणी मनोऱ्यातून न येता बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी झिरपत असेल तर गोष्ट वेगळी. ते पाणी काचेच्या बाटलीत भरून दहा मिनिटं ठेवा. नितळ राहिलं तर पाझर आहे, मालकाला सांगा, नोंद ठेवा. बाटलीच्या तळाशी माती बसली तर पाणी बांधाची माती आतून वाहून नेतंय. त्या क्षणी बाकी सगळी कामं थांबवा आणि मालकाला त्याच दिवशी तज्ज्ञ बोलवायला लावा. बांधावरचं झाड तोडायचा मोह इथेच होतो. तोडलेल्या झाडाची मुळं काही वर्षांनी कुजतात आणि त्यांच्या जागी नळीसारखे पोकळ मार्ग उरतात. बांधावरची रोपं लहान असतानाच कापायची. मोठं झाड तोडायचं की नाही ते मालकाने ठरवायचं, आणि तोडलं तरी खोड उपटून काढायचं नाही. बांधात बिळं दिसली तर ती बहुधा रागोंदँची, म्हणजे मांजराएवढ्या पाणउंदराची. बिळं मोजून नकाशावर दाखवा. पकडायचं काम परवानाधारक स्थानिक माणसाचं.

आता काठ. चार मीटर रुंदीच्या एका जागेचा हिशेब मांडतो. खुंट दीड मीटर लांब, ८ ते १० सेंटिमीटर जाडीचे, ५० सेंटिमीटरवर एक, म्हणजे ९ खुंट. लाकूड चेस्टनट किंवा रॉबिनियाचं घ्या, औषध न मारताही ही लाकडं पाण्यात टिकतात. शेतीच्या दुकानात पिके द शातेन्ये म्हणून मागा. विलोचे ओले खुंट मोफत मिळतात म्हणून ठोकू नका: ते मुळं धरतात आणि तीन वर्षांत गळाच्या जागेवर झुडूप उभं राहतं. दोनतृतीयांश खुंट जमिनीत गेला पाहिजे. घणाने डोकं फुटतं, म्हणून वर लाकडी ठोकळा ठेवा किंवा खांब ठोकायची दोन मुठींची नळी वापरा.

खुंटांच्या मागे काटक्यांच्या मोळ्या. एक मोळी २ मीटर लांब, २५ ते ३० सेंटिमीटर जाड, दोन थर, म्हणजे एका जागेला ४ मोळ्या. मोळीसाठी वाळलेल्या काटक्या, तेच विलोचं कारण. मोळ्यांच्या मागे जिओटेक्स्टाइल कापड. ते तळाशी ३० सेंटिमीटर आत दुमडायचं आणि वरच्या टोकाला मागे वळवायचं. काठ पुन्हा धुपतो तो बहुतेक वेळा इथेच चूक झाल्यामुळे: कापड नुसतं उभं लावलेलं असतं, लाट त्याच्या खालून शिरते आणि मागची भर ओढून नेते. कापडामागे खडी, धुम्मसाने १५ सेंटिमीटरच्या थरात ठोकलेली. वरचा उतार पाण्याकडे मीटरला २ सेंटिमीटर, नाहीतर पाऊस तंबूखाली साचतो.

एका जागेची भर ४ मीटर × अर्धा मीटर × ४० सेंटिमीटर, म्हणजे ०.८ घनमीटर, वजन सव्वा टनाच्या वर. चार जागांना पाच टन. एकचाकी हातगाडीत ८० किलो धरले तर साठाच्या वर खेपा, चिखलातून. पाच माणसांत दोन दिवसांत दोन जागा नीट होतील, चार होणार नाहीत. खुंट, खडी, कापड काठापासून २० मीटरच्या आत उतरवून ठेवलंय का, हे निघायच्या आधी फोटो मागवून खात्री करा. ते नसेल तर पहिला दिवस सामान आणण्यात जातो.

एक गोष्ट खास ब्रेन्नची. हा भाग १९८९ पासून प्रादेशिक निसर्गउद्यान आहे आणि १९९१ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. युरोपीय तळकासव, तिकडचं सिस्त्यूद, इथे मोठ्या संख्येने आहे आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. ते हिवाळा उथळ पाण्यातल्या लव्हाळ्यांच्या गाळात काढतं आणि अंडी उन्हाच्या कोरड्या उतारावर घालतं. पिल्लं कधीकधी वसंतापर्यंत घरट्यातच राहतात. म्हणून लव्हाळ्यात दाताळं ओढू नका आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या मोकळ्या उतारातून भरीसाठी माती खणू नका. लव्हाळं कापणं, गाळ काढणं यासाठी परवानगी लागू शकते. मालकाकडे ती कागदावर आहे का ते विचारा.

---

रीडिंगकर

फार मोलाची माहिती, आभार. विचारून घेतलं: तळं संस्थेचंच आहे, नावं विम्यात घालताहेत. खडी अजून आलेली नाही, तुमचं वाचून आधी ती मागवायला सांगितली आणि काम दोन जागांवर आणलं. फांद्या आणि ज्युसीचं काय करायचं? आणि कामाच्या आवाजाने मासा चार दिवस गळाला लागलाच नाही तर?

---

बांध_आणि_सांडवा

ज्युसी या आठवड्यात जवळजवळ सोडूनच द्या. मूळची दक्षिण अमेरिकेची, आपल्याकडच्या जलपर्णीसारखीच आली आणि पसरली. फरक असा की जलपर्णी तरंगते, ही काठाच्या गाळात मुळं धरते आणि देठाच्या बोटभर तुकड्यातूनही नवं झाड होतं. उपटायचा खरा काळ उन्हाळ्याची सुरुवात, मग शरदात एक हलका फेरा. ऑक्टोबरअखेरीला देठ ठिसूळ होतात, दाताळं लावलं की शंभर तुकडे तळंभर जातात. तुम्ही एवढंच करा: पसरलेल्या भागाभोवती काठ्या रोवून हद्द दाखवा, लांबी-रुंदी मोजा, हद्दीबाहेर एकटी-दुकटी झाडं दिसतील तेवढी हाताने मुळासकट काढा. काढताना भोवती १ सेंटिमीटर डोळ्याची जाळी धरा आणि तुकडे वेचा. ढीग पुराच्या पातळीच्या वर, तळ्यापासून दूर, ताडपत्रीवर. व्हॅनमध्ये एक देठही नको: ही जात २०१६ पासून युरोपीय संघाच्या बंदी असलेल्या जातींच्या यादीत आहे, तिची वाहतूक चालत नाही. वेडर्सच्या, म्हणजे पाण्यात उतरायच्या उंच रबरी बुटांच्या, तळव्यांच्या खाचाही बघा.

फांद्या. सगळ्या काढू नका. गळ टाकायच्या जागांसमोरच्या आणि मासा दोर अडकवून तोडेल अशा तेवढ्याच काढा. लांबच्या कोपऱ्यातल्या राहू द्या, हिवाळ्यात पाणकावळे येतात तेव्हा लहान माशांना तोच आसरा असतो. पण त्यांत जुने तुटलेले दोर आणि शिसं अडकलेलं असतं, ते हुकाच्या काठीने ओढून घ्या.

नावेतून यांत्रिक करवत चालवायची नाही, कितीही शांत पाणी असलं तरी. पाण्याखाली दबलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते. कापली की उसळते. १२ मिलिमीटरचा न ताणणारा दोर ३० मीटर घ्या, नावेतून फांदीच्या जाड टोकाला फास टाका, काठावर हाताच्या विंचने ओढा आणि कापा ती कोरड्या जमिनीवर. विंच जिवंत झाडाला रुंद पट्ट्याने बांधायचा, साखळीने नव्हे, साल सोलते. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही आणि मधोमध एक ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटला तरी चाबकासारखा फिरत नाही. नावेत दोघेच, दोघांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट, काठावर तिसरा फेकायचा दोर घेऊन. यांत्रिक करवत ज्याच्याकडे प्रशिक्षणाचा दाखला आहे त्यानेच हातात घ्यावी.

क्रम: पहिल्या दिवशी खुंट ठोकायचे, कारण सर्वांत मोठा आवाज त्याचा, आणि ज्या जागांवर नंतर गळ टाकायचाय त्यांना जास्तीत जास्त विश्रांती मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी खडी, दुपारी उथळ टोकाच्या फांद्या. मोरीजवळचा भुसा संध्याकाळी. दुसऱ्या संध्याकाळी गळ टाकू नका, नुसता थोडा चारा टाकून मासा कुठे उसळतोय ते बघत बसा. गाळ ढवळला गेला असेल तर काळ्या गाळातून सडक्या अंड्याचा वास येतो. थंडीत हे निभावतं, पण २५ अंशांच्या पाण्यात तसला गाळ प्राणवायू खातो आणि मासे मरतात. उन्हाळ्यात असली कामं करत नाहीत त्यामागचं मोठं कारण हेच. मार्चच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत पक्ष्यांची घरटी, हे दुसरं.

वरच्या तळ्याचा मालक त्याच आठवड्यात तळं रिकामं करतोय का, हेही विचारा. ब्रेन्नमध्ये शरद-हिवाळा हाच तळी सोडून मासा काढायचा हंगाम. वरून गढूळ पाणी आलं तर तुमचं गणित बदलेल.

आणि आरोग्याचं: रागोंदँ आणि उंदरांच्या मूत्रातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, तोच जो कोकणात पावसाळ्यात भातखाचरांत होतो. हातावरच्या खरचटलेल्या जागा पाण्यात उतरायच्या आधी जलरोधक पट्टीने झाका, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, हात धुतल्याशिवाय खायचं नाही. परत आल्यावर दोन-चार आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना «तळ्याच्या पाण्यात काम केलं होतं» हे वाक्य आवर्जून सांगा. नाहीतर फ्लू समजून औषध मिळतं. गोचिडींसाठी बारीक चिमटा, आणि रोज रात्री गुडघ्यामागे आणि काखेत बघणं.

---

रवा_सोया_मका

चाऱ्यावर मी लिहितो. सीमेवरची अडचण सोडवायचा सरळ मार्ग म्हणजे बॉइली तिथेच करणं, आणि त्याचं मुख्य सामान आपल्या ओळखीचं आहे. युरोपातलं सर्वांत जुनं आणि भरवशाचं मिश्रण म्हणजे निम्मा रवा, निम्मं सोयाचं पीठ. फ्रेंच दुकानात रवा सेमूल द ब्ले फीन म्हणून मिळतो, सोयाचं पीठ सेंद्रिय मालाच्या दुकानात.

एक किलो कोरड्यासाठी: रवा ४०० ग्रॅम, सोयाचं पीठ ३५० ग्रॅम, मक्याचं पीठ १५० ग्रॅम, दुधाची भुकटी १०० ग्रॅम, तिथलीच. वर एक चमचा भाजलेल्या मेथीची पूड आणि एक चमचा बडीशेपेची, ही घरून न्या. मध्यम आकाराची १० ते ११ अंडी. आधी अंडी आणि मसाला फेटायचा, मग पीठ थोडंथोडं घालायचं. पुरीच्या कणकेहून घट्ट, हाताला न चिकटणारं व्हायला हवं. झाकून २० मिनिटं ठेवा, रवा फुगतो आणि गोळा आणखी घट्ट होतो. लोक इथे घाई करतात, मग वळताना भेगा पडतात आणि उकळताना गोळी फुटते. १८ मिलिमीटरच्या गोळ्या वळा, खळखळत्या पाण्यात एका वेळी दोनेक मुठी, ९० सेकंद. तरंगल्या की काढायच्या नाहीत, घड्याळ बघूनच काढा. जाळीवर २४ तास वाळवा. गळाला लावायच्या ४८ तास, त्या कडक हव्यात.

मका: २४ तास भिजवून ३० मिनिटं उकळा. दाणा नखाने दाबला की फुटला पाहिजे. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला मका माशाच्या पोटात फुगतो. टायगर नटही तसेच, २४ तास भिजवणं आणि किमान अर्धा तास उकळणं. शेंगदाणे बहुतेक तळ्यांवर बंद असतात, नेऊच नका.

किती? हे पाण्याचं तापमान ठरवतं. ऑक्टोबरअखेरीला एवढ्या उथळ तळ्यात ते साधारण १० ते १३ अंशांत असतं, पण दोन थंड रात्रींत खाली घसरतं. अर्धा मीटर खोलीवर सकाळी आठला आणि दुपारी चारला मोजा. १२ च्या वर असेल तर माणशी दिवसाला एक किलो सगळं मिळून, म्हणजे बॉइली आणि मका. १० च्या खाली गेलं की त्याच्या पाव हिश्श्यावर या, आणि तेलकट काही घालू नका. कार्पचं पचन थंडीत मंदावतं. चार दिवसांना पाच जणांत २० किलो तयार चारा पुष्कळ झाला. न खाल्लेला चारा तळाशी कुजतो, आणि दोन दिवस कष्ट करून नीट केलेल्या तळ्यात तो सोडून येणं योग्य नाही. शेवटच्या दिवशी उरलेला चारा एकदम ओतायचा नाही.

आणखी एक. ३ हेक्टरला पाच जणांचे तीन-तीन रॉड म्हणजे १५ दोर पाण्यात. फार झाले. माणशी दोनच ठेवा.

---

ओली_मॅट

रिग आणि मासा हाताळणं.

पुण्याकडे कटल्यासाठी आपण पिठाच्या गोळ्यात गळ लपवतो. कॉमन कार्प तळावरून आमिष चोखून घेतो, नको वाटलं की थुंकतो. म्हणून हेअर रिगमध्ये गळ उघडा असतो आणि आमिष त्याच्या मागे केसासारख्या बारीक दोऱ्यावर. आमिष थुंकताना गळ खालच्या ओठात वळतो. गळ ४ किंवा ६ नंबर, काटा असावा की नसावा ते तळ्याच्या नियमाप्रमाणे. मऊ वेणीचा दोर २० ते २५ सेंटिमीटर, गळाला बिनगाठीची गाठ (नॉटलेस नॉट) ७ वेढ्यांची, गळाची वाकण आणि आमिष यांत अर्धा ते एक सेंटिमीटर जागा. मुख्य दोर १५ ते १८ पौंडी मोनो, शिसं ३ औंस.

शिसं क्लिपवर असं लावा की अडकलं तर सुटून पडेल. क्लिपवरची रबरी टोपी पूर्ण दाबून बसवली तर सुटत नाही, आणि मग तुटलेल्या दोरासकट मासा शिसं ओढत मरतो. घरीच तपासा: शिसं हातात धरून दोर हलक्या झटक्याने ओढा, टोपी निसटली पाहिजे.

त्या दिवसांत तळावर पानांचा थर असतो. नुसतं शिसं टाकून ओढून बघा: काठीला मऊ, चिकट ओढ लागली आणि शिशावर काळं पान आलं तर ती जागा सोडा. «टक्» असा कडक ठोका हाताला जाणवला तर तिथे चारा. पानं टाळणं शक्य नसेल तर आमिष तरंगतं घ्या, तळापासून ३ सेंटिमीटर वर. थंडी वाढली की मासा बांधाकडच्या खोल पाण्याकडे सरकतो. दुपारी ऊन पडलं तर तोच उथळात येतो, म्हणून एक रॉड खोलात, एक दीड मीटरवर.

जाळं, मॅट, वजनाची झोळी तळ्याचीच वापरा. कोई हर्पिस विषाणू एका तळ्यातून दुसऱ्यात ओल्या जाळ्यातून जातो, आणि कार्पवर त्याला औषध नाही. वेडर्स आणि स्वतःचं जे काही पाण्याला लागतं ते आधी धुऊन १ टक्का व्हर्कॉन या जंतुनाशकात, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, १० मिनिटं बुडवा आणि खडखडीत वाळवा. ते पाणी तळ्यात ओतायचं नाही. परतताना तेच पुन्हा.

मासा काठावर आणायच्या आधी मॅट ओली, शेजारी भरलेली बादली, चिमटा, वजनकाटा शून्यावर, कॅमेरा चालू. हे तयार होईपर्यंत मासा जाळ्यातच पाण्यात राहू द्या. बाहेर जास्तीत जास्त दोन मिनिटं. उभं राहून धरू नका, गुडघे टेकून, मॅटच्या वर एक हातभर. तो झटका देणार असेल तर आधी शेपटी ताठरते, तेव्हा छातीशी घ्या आणि खाली टेकवा. गवत्या पाण्यात शांत येतो आणि मॅटवर उसळतो, त्याच्यासाठी दोघे लागतात. सोडताना नाक वाऱ्याकडे, स्वतःहून निघेपर्यंत आधार.

गळाला काळा पुआसाँ-शा (मिशाळ कॅटफिश), सूर्यपर्च किंवा अमेरिकन खेकड्यासारखी कोळंबी लागली तर फ्रान्समध्ये ती पाण्यात परत सोडायची नसते. जिवंत बादलीत घेऊन फिरायचीही नसते. जागेवरच मारायची.

रात्री ३ ते ५ अंश धरून झोपायची पिशवी न्या. तंबूत शेगडी पेटवायची नाही, दार उघडं ठेवूनही नाही: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आपत्कालीन क्रमांक ११२. तळ्याचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा, फ्रेंच खेड्यातल्या तळ्याला दार-नंबर नसतो आणि फोनला रेंज असेलच असं नाही.

---

रीडिंगकर

व्हिसाचे अर्ज या आठवड्यात भरतो. बांध_आणि_सांडवा, खडी १० ते २० मिलिमीटरची चालेल का? संस्थेकडे तीच मिळतेय.

---

बांध_आणि_सांडवा

वरच्या १० सेंटिमीटरना चालेल. खाली २० ते ४० ची घ्या, बारीक खडी मोळ्यांच्या फटीतून निसटते. तीच एक असेल तर कापड दुहेरी करा आणि खालच्या दुमडीवर दगडांचा एक थर ठेवा.